कोहळ्याएवढी अक्षरे

गोरेगाव, शनिवार

सन्माननीय साळेबुवा भोजराजजी यांस झामसिंगचा सविनय नमस्कार.

आपली साखर आटोक्यात असेल आणि नागपूरची हवा मानवत असेल, अशी आशा. (पत्राच्या ओळी उतरंडीला लागल्या असतील, तर दोष टेबलाचा.) आता तक्रार. आपल्या सुकन्येने, चि. योगेश्वरीने, आमच्या आठवडी बाजाराच्या शेडमध्ये कलाप्रदर्शन मांडले आणि फलकांवर कोहळ्याएवढी अक्षरे काढली. जन्मभर संस्कृत शिकवणाऱ्याच्या गावात कोहळ्याएवढी अक्षरे! मी ‘स्पर्शः अनुज्ञातः’ असा सुबक मजकूर सुचवला होता. तिने तो खोडून ‘हात लावा’ लिहिले. म्हणे, “फुफाजी, कला सगळ्यांना पोचली पाहिजे. ज्यांना दिसत नाही, त्यांनाही.”

मधोमध माती-तणसाची एक मूर्ती होती. डोके नाही, हात नाहीत, नुसता भला थोरला गोल आकार. (असा आकार दिसला की आपल्याकडे लोक काय करतात, हे कलेच्या कॉलेजात शिकवत नसावेत.) बाजार भरतो न भरतो तोच भाजीवाल्या बायजाबाईने तिला कुंकू लावले, पाठोपाठ नारळ फुटला, चपला दाराबाहेर गेल्या. मग हात लावायला कोणी धजेना. मी फलकाकडे बोट दाखवले, तर बायजाबाई माझ्यावरच उखडली, “देवाले हात लावा म्हणता? काऊन जी गुरुजी, आंग तरी धुतलं का?” योगेश्वरी आधी रडकुंडीला आली, मग या प्रकाराला ‘लोकसहभाग’ म्हणायचे, असे तिने ठरवले.

प्रदर्शन ज्यांच्यासाठी, ते आमचे अंध भजनी ईश्वरदास आले, तर बायजाबाईने त्यांनाही दारात अडवले. तोडगाही तिनेच काढला : बादलीभर पाणी ठेवले, हातपाय धुऊन एकेकाने आत. ईश्वरदासांनी मूर्ती सावकाश चाचपली, प्रसादाचे खोबरे तोंडात टाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “चांगली हाये. पन तुम्ही डोळे उघडे ठेवून कायले पाहून रायले जी, गुरुजी? मिटा न!”

मी मिटले. मूर्ती थंडगार होती, तणसाची टोके बोटांना टोचत होती. सगळे हसत होते. मला डोळे उघडायला जरा वेळ लागला.

असो. दुलारी खुशाल आहे, भावाची वाट पाहते.

आपला,
झामसिंग

ता. क. : उत्तर धाडाल तेव्हा अक्षर योगेश्वरीच्या फलकाएवढेच काढा.

आणखी ता. क. : दोष टेबलाचा नाही. महिनाभरात मला नीट वाचता आले ते फक्त तिचे फलक. तिकडे डोळ्यांचा चांगला डॉक्टर पाहून ठेवा आणि मला न्यायला या. दुलारीला तूर्त सांगू नका. मला भीती वाटते आहे.