साहेबाच्या पानात भाकर

१७ जानेवारी
ठराव झाला एकदाचा! शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक दिवस आपल्याच शिवारातल्या ज्वारीची भाकर. आमच्या बचत गटाच्या बायांनी ग्रामसभा गाजवली. पण सरपंच म्हणे, "ताई, ठरावानं काय होते? तालुक्याचा साहेब हो म्हनला पायजे." साहेब मंगळवारी जेवूनच पाहणार. नाही म्हणाला, तर ज्वारी पेरणारी उरलीसुरली चार घरंही सोयाबीनकडे वळतील.

१९ जानेवारी
जीव थाऱ्यावर नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या शांताकाकूले दहांदा सांगितलं. भाकर, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी, ठेचा. बस. "तू नको शिकवू मले. पाव्हन्याचं मी पायते." उद्या सकाळी मले ठरावाच्या नकलेवर शिक्का घ्यायले तालुक्याले, मालेगावले जा लागते.

२० जानेवारी
मातीत घातलं सगळं!! परत आले तं साहेब पानावर बसलेले. पानात मैद्याच्या पुऱ्या, पनीर, गुलाबजाम. बायांनी वर्गणी काढून शेलूबाजारहून सामान आणलं म्हणे. भाकर एकही नाही. साहेब हसत म्हणाले, "ताई, तुम्हालाच ज्वारी नको, तर लेकरांना कशाला?"
ते खोटं काय बोलले?
मी काकूवर ओरडले. "काहून केलं असं?" तिनं डोळ्याले पदर लावला. "एवढ्या मोठ्या मानसाले भाकर वाढू? आमची काही इज्जत हाय का नाही?"
रागही आला, रडूही आलं.

२१ जानेवारी
साहेबांचा फोन. शुक्रवारी परत येतात. या वेळी जेवणार नाहीत, लेकरांची ताटं पाहणार. भाकर ताटात टाकून दिलेली दिसली तर विषय बंद. काकू अजून बोलत नाही माझ्याशी. तरी दुपारी गिरणीवर दिसली, ज्वारीचं पीठ दळून घेताना.

२२ जानेवारी
सकाळी आमच्या गुड्डीच्या डब्यात भाकर बांधली. नववीत आहे, शेलूबाजारच्या शाळेत जीपनं जाते. तोंड फुगवून म्हणे, "आई, भाकर नको ना. पोरी हासतात."
हातच थांबला माझा. तीन वर्षं झाली, मीच तिले गव्हाची पोळी देऊन राह्यले. सभेत ज्वारीवर भाषण ठोकते, अन् घरात हे. वा रे बाई! काकूले कोणत्या तोंडानं बोलले मी?
तरी डबा दिला. दाराशी दोघी भांडलो.
आता आली ती. दप्तर फेकलं, डबा ओट्यावर आदळला, बाहेर निघून गेली. उद्या अकराला साहेब येतात. अर्धा तास झाला, डब्याचं झाकण काढायची हिंमत नाही होऊन राह्यली.