खंडेराव गेटची परदेशी

झाशी, ३ जून १९८५
इंटरचा, म्हणजे बारावीचा, निकाल. फर्स्ट क्लास. मामाने खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीभर सांगितलं. दुपारी लूचे गरम वारे चालू असतानाच बी.एस्सी.च्या अ‍ॅडमिशनला गेले. क्लार्कने जन्मस्थान वाचलं, चष्मा वर सरकवला.
"मोंबासा? ये कहाँ पड़ता है?"
आफ्रिकेत, म्हटलं. तो हसला. मग प्रिन्सिपल मॅडम. पासपोर्ट कुठला? केनियाचा. "पहले एस.पी. ऑफिस से लिखवाकर लाओ।"
घरी फक्त "उद्या परत बोलावलंय" एवढंच सांगितलं. आई खुशीत होती. आजचा दिवस तरी तिला राहू दे.

५ जून
आईला खरं सांगावंच लागलं. तिच्याबरोबर एस.पी. ऑफिस. परदेशी लोकांचं काम तिवारीजी बघतात. भले वाटले. पासपोर्ट उलटा-सुलटा करून म्हणाले, "वीज़ा कहाँ है?"
नाहीच. आम्ही आलो तेव्हा लागतच नव्हता, कॉमनवेल्थवाल्यांना कोणी विचारत नसे. मी तेव्हा तिसरीत. आजी आजारी म्हणून छुट्टीला आलो, बाबा तिकडेच राहिले. ती छुट्टी अजून संपलेली नाही.
आता नियम बदललाय. शिकायचं असेल तर स्टुडंट व्हिसा हवा. आणि तो देशाबाहेर जाऊन, तिथल्या भारतीय वकिलातीतून आणायचा.
आईचा आवाज चढला. "मैं यहीं की हूँ. हमारे पुरखे यहाँ फौज के साथ आए थे."
"बहनजी, आप हैं. बच्ची की नागरिकता तो पिता से चलती है।"
परत येताना आई माझ्या चार पावलं पुढे. ऊन असून पदर डोक्यावर नाही.

९ जून, रविवार
मामाला उपाय सापडलाय. मामा मालगाडीवर गार्ड आहे, त्याच्या मते सगळ्या भानगडी सिग्नल मिळत नाही म्हणून होतात. "ग्वाल्हेरचा मुलगा आहे. बँकेत. आपल्यातला. इथल्या मुलाशी लग्न झालं की तू इथली. विषय संपला."
मामी म्हणाली, बघायला काय जातंय.
आईने मामाला अडवलं नाही. याचाच राग जास्त आला.

१२ जून
ग्वाल्हेरला जाऊन आलो. मुलगा चांगला आहे. फार चांगला. मी पोहे खाल्ले, त्याच्या आईने विचारलं, तिकडे मराठी बोलायचात का. म्हटलं, बाबा मराठी, दूधवाला स्वाहिली, शाळा इंग्लिश. त्यांनी पोह्यांची बशी उचलून नेली. परतीच्या गाडीत मामा: "स्वाहिली कशाला काढलीस मध्ये?"
मला हसू येत होतं आणि रडूही. खिडकीबाहेर बघत बसले.

१३ जून
मला सोबत नेऊन मामाने स्वतःच तिवारीजींना ग्वाल्हेरचं सांगितलं, प्रगती म्हणून! ते कपाळाला हात लावून बसले.
"गार्ड साहब, ये लड़की ज़िला छोड़कर बिना बताए नहीं जा सकती। चिरगाँव तक जाए, कोई बात नहीं। ग्वालियर तो दूसरा सूबा है।"
म्हणजे मी अपराधसुद्धा केला. लग्नासाठी.
पण जाताना त्यांनी मला थांबवलं. शादी करनी है? मी नाही म्हटलं. मग म्हणाले, एक रास्ता है. लखनऊला खास अर्ज. लहानपणापासून इथेच शिकलीय, बाहेर न पाठवता परवानगी द्यावी. मिळेल, न मिळेल. पण वडिलांनी लिहून द्यायला हवं, शिक्षणाला संमती आणि खर्चाची हमी.
"माँ का नहीं चलेगा?"
"पिता का, बिटिया।"

१४ जून
आई: "नाही."
मी: "का?"
आई: "मी नोकरी करते, मी तुला वाढवलं, मी हमी देते. ज्या माणसाने इतक्या वर्षांत..." ताक घुसळत बसली, लोणी येऊन गेलं तरी.

१७ जून
भांडण. मी नको ते बोलले. म्हटलं, तूच मला छुट्टीला आणलंस, परत नेलं नाहीस, म्हणून मी आता ना इकडची ना तिकडची.
वाटलं ओरडेल. तिने हातातल्या पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला. पहिल्यांदाच नीट सांगितलं. बाबांनी मारलं नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. "तिथे मी दिवसभर खिडकीत उभी राहायचे, नंदू. नोकरी करते म्हटलं की ते म्हणायचे, काय कमी आहे तुला? इथे आजीला बघायला आले, शाळेत बदलीवर शिकवायला गेले, वर्गात शिरले तर मुली उभ्या राहिल्या. परत जाववेना."
एवढंच? माझ्या तोंडून निघालं.
"हो. एवढंच."
झोप नाही. एवढंसं कारण आणि एवढा मोठा समुद्र मध्ये. पण खिडकीत उभी असलेली आई मला आठवते. मला वाटायचं ती जहाजं बघतेय.

२१ जून
आई स्वतःच उठली, "चल." स्टेशनजवळच्या तारघरात ट्रंक कॉल लावला. बाकावर बसून कंटाळा येईस्तो वाट पाहिली. मग एकदम, "मोंबासा! बोलिए, जल्दी बोलिए!"
आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला.
"नंदू?" आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी हॅलो, हॅलो करत राहिले.
व्हिसाचं सांगितलं. ते म्हणाले, लिहून देतो, आजच देतो. मग: "तू अजून डाव्या हाताने लिहितेस?"
आजीने ती सवय केव्हाच मोडली. "नाही, उजव्या."
मग म्हणाले, "इथे ये. व्हिसा नैरोबीहून मीच काढून देतो. आईला विचार, पाठवते का." लाईन गेली.
आईला संमतीचं तेवढं सांगितलं.

३ जुलै
बाबांचं हमीपत्र रजिस्टरने आलं. सोबत चार ओळी: ऑगस्टचं मुंबई-नैरोबी तिकीट माझ्या नावाने काढलंय. सगळं आईनेच उघडलं. हमीपत्र फाइलला लावलं, ओळी माझ्यासमोर ठेवल्या. "मला हे सांगितलं नव्हतंस."

१० जुलै
लखनऊ. या खेपेला तिवारीजींना कळवून. आईने इरकली नेसली, शाळेच्या इन्स्पेक्शनला नेसते ती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. शेवटी एक साहेब म्हणाले, लड़की ख़ुद क्यों नहीं बोलती?
बोलले. मला झाशीत शिकायचं आहे, म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण तिचा हात माझ्या पाठीवर होता.
खरं बोलले का? त्या वेळेपुरतं खरं होतं.

२५ जुलै
परवानगी आली! एका वर्षाची, शिक्षणासाठी. मामाने तिवारीजींना पेढे नेले. त्यांनी दोन खाल्ले, मग मला बाजूला घेऊन समजावलं.
"देश से बाहर गईं, तो ये ख़त्म समझो। फिर वहीं से नया लेना पड़ेगा। मिले, न मिले, मैं नहीं कह सकता।"
कॉलेजची शेवटची तारीख ३१.
मामी म्हणाली, आता तरी हस. हसले.

२८ जुलै, रविवार
आईने विचारलं, "तिकडे जायचंय का तुला?"
नाही म्हणता आलं नाही. होही म्हणता आलं नाही. बाबांचा चेहरा धड आठवत नाही, फक्त सायकलच्या दांड्यावर बसलेली मी आणि मागे त्यांचा श्वास. तो माणूस म्हातारा झाला असेल.
"भेटून परत येईन," म्हटलं.
"मी पण तुझ्या बाबांना हेच म्हटलं होतं," आई म्हणाली. टोमणा नव्हता. आवाज अगदी साधा.
मग म्हणाली, मी अडवणार नाही. पण बाहेरून व्हिसा नाही मिळाला तर कुणाला दोष द्यायचा नाही. मला नाही, त्यांनाही नाही.

३० जुलै
उद्या फी भरायची, नाहीतर नाव जाईल. तिकीट बाबांनी अजून रद्द केलेलं नाही.
संध्याकाळी आई म्हणाली, मानिक चौकात जाऊन येऊ. काय घ्यायचंय सांगेना. गर्दीतून थेट बॅगांच्या दुकानात शिरली. माझी जुनी पिशवी फाटलीय खरी.
दुकानदाराने विचारलं, "बहनजी, कॉलेज के लिए दिखाऊँ कि सफ़र के लिए?"
आई म्हणाली, "इससे पूछिए, भैया।"
त्याने दोन्ही काढून काउंटरवर ठेवल्या, फडक्याने धूळ पुसली. आई रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मी एकीची चेन उघडली, लावली. मग दुसरीची.