बिगर बरफाची

केंदूर, ता. शिरूर
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

प्रिय वन्सं,

तुम्हाला वन्सं म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम म्हटलं. इकडे सगळे बरे आहेत. तुम्हीही बऱ्या असाल आणि वेळेवर जेवत असाल असं धरून चालते, कारण विचारलं तर तुम्ही खरं सांगणार नाही. गणपतीत म्हैस व्याली, रेडी झाली. आत्यांचा, म्हणजे तुमच्या आईंचा, गुडघा दुखतो आणि तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुमच्या दादांना या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. माझा फोन म्हणजे या घराची चावडी झालीय. पोरगी उघडते, तुमचे दादा उघडतात, शेजारची सारिका रेसिपी बघायला म्हणून येते आणि सगळे मेसेज वाचून जाते. आणि तुमच्याशी बोलायला लागले की मामा, म्हणजे तुमचे आबा, दाराआड येऊन उभे राहतात. वर आत्यांना म्हणतात, "मी कुठं ऐकतोय? मी चप्पल बघत हुतो." त्यांची चप्पल दोन वर्षं सापडत नाहीये. म्हणून हे पत्र लिंबाच्या गोणीत घालून पाठवतेय. सोपानराव मार्केट यार्डाला टेम्पो खाली करून नेहमीप्रमाणे तुमच्या खोलीवर गोणी टाकतील.

आता मुद्द्याचं. मी घरी मार्गारिटा केली.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. तुमचाच तो व्हिडिओ बघून केली, काळा एप्रन घालून तुम्ही "दोन माप टकीला, एक माप ऑरेंज लिकर, एक माप ताज्या लिंबाचा रस" म्हणता तो. टकीला तुमच्या दादांनी शिक्रापुरातून आणली. दुकानदारानं विचारलं, "काय, पार्टी का?" तर हे म्हणाले, "न्हाई, बायकोला पाहिजे." त्यावर दुकानदारानं बाटली दोनदा कागदात गुंडाळून दिली म्हणे. बाटली पेंडीच्या पोत्यामागे लपवली. ऑरेंज लिकर मात्र तिथं नव्हती. मग मी संत्र्याची साल साखरेच्या पाकात आटवून घेतली. तुमच्या हॉटेलात हे ऐकून कुणाला घेरी येईल, पण वास चांगला आला.

मापाला पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं. शेकर कुठून आणणार? आत्यांचा तुपाचा स्टीलचा डबा घासून घेतला. बर्फ घालून, झाकण लावून तुमच्यासारखा खांद्यावर घेऊन हलवला. झाकण उडालं आणि अर्धी मार्गारिटा ओट्यामागच्या भिंतीवर गेली. दुसऱ्या खेपेला डब्याला फडकं करकचून बांधलं. काचेचे ग्लास पाहुण्यांचे म्हणून आत्यांनी कपाटात कोंडलेत, तेव्हा फुलपात्र घेतलं. कड लिंबाच्या फोडीनं ओली केली आणि मिठात टेकवली. बारीक मीठ लगेच विरघळलं. मग खडेमीठ खलबत्त्यात भरडून घेतलं, ते बसलं झकास. एवढी गोष्ट तुम्ही व्हिडिओत सांगायला हवी होती.

एक घोट घेतला. खोटं कशाला बोलू? आधी मीठ लागलं, मग आंबट, मग घशात जाळ. पहिला घोट वाईट लागला. दुसरा घेतल्यावर कळलं की तुम्ही या कामाच्या मागे का लागलात. तेवढ्यात आत्या मळ्यातून आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आगं, घरात स्यानिटायझर कुनी सांडलं?" मी म्हटलं, मीच.

इथवर लिहिलं ते सगळं खरं आहे. फक्त मी हे हौसेनं केलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. मला मामांनी करायला सांगितलं. हे तुम्हाला सांगायचं नाही असंही बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं आणि आता सांगतेय, काय करायचं ते करा.

दसऱ्यानंतर दुबईला जायचं नक्की झालं, हे तुम्ही आत्यांना फोनवर सांगितलंत, तेव्हाही मामा चप्पल शोधत होते. त्या दिवशी जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते, तर समोर येऊन बसले. जरा वेळ मेथी निवडली, माझ्यापेक्षा चांगली. मग म्हणाले, "शितल, तुज्या मोबाईलात ती काय करती ते दाव बरं."

दाखवलं. चष्मा पुसून बघितलं, परत लाव म्हणाले, परत बघितलं. टकीला कशापासून होते ते दाखवायला तुम्ही मध्येच त्या परदेशातल्या रानाचा फोटो टाकलाय ना, तिथं त्यांनी माझा हात धरला. "आगं, ही तर घायपात! आपल्या बांधाला हाय की. मेंढरामागं हिंडताना म्या हिचं किती दोर वळल्यात."

मी म्हटलं, "मामा, ती तिची लांबची बहीण असेल, तीच नव्हे." पण ऐकतात कुठं? दुपारी कुऱ्हाड घेऊन बांधावर गेले आणि एक घायपात मुळापासून तोडली. दोर वळायला पानं कुजवून वाख काढतात, त्यात हाताला काही होत नाही म्हणे. हा ओला गड्डा फोडला, रस कोपरापर्यंत उडाला, आणि संध्याकाळी दोन्ही हात सुजून लाल. खाजवून खाजवून जीव गेला. आत्या खोबरेल तेल चोळत होत्या आणि शिव्या देत होत्या. "ह्या वयात काय दोर वळायचा हाय का तुमाला?" गड्ड्यातून दारू निघते का ते बघत होतो, हे मामा कोणत्या तोंडानं सांगणार?

म्हणून मग खरी टकीला आणावी लागली. मी मार्गारिटा करत होते तेव्हा मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते, तेलकट हात गुडघ्यावर ठेवून. पहिला प्रश्न असा, की मीठ कडेला कशाला, आत टाकलं तर काय बिघडेल? दुसरा प्रश्न, "ह्यात पानी कितीक पडतंय?"

"पाणी नाही पडत, मामा."

"आन् बरफ?"

"बर्फ गार करायला. नंतर गाळून घ्यायचं."

"पर हलीवताना इतळतोय की. इतळला म्हंजी पानीच झालं."

हे बोलून त्यांचं तोंड उतरलं. मला काही कळेना. उगीच म्हटलं, "एक घोट बघता का?" तर माझ्याकडे बघत म्हणाले, "तुज्या हातची कशाला पिऊ मी?"

क्षणभर मला राग आला. मग ते उठून गोठ्याकडे गेले आणि मी फुलपात्र हातात घेऊन तशीच उभी राहिले.

वन्सं, चंपाषष्ठीचं मी तुमच्याशी कधी बोलले नाही. आज बोलते. तळी उचलताना मी तुमच्याच शेजारी होते. भावकीतल्या कुणीतरी फोनवर तुमचा एक व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला आणि "हरिबाची लेक दारू वाढती" म्हणून हसला. तुमच्या गेणबाचुलत्यांना भट्टीच्या दारूनं नेलं, आणि आपल्या त्या थोरल्या भावाला खांद्यावर घेऊन मामाच ओढ्यापलीकडून आले होते. तेव्हापासून या माणसानं दारूचं नाव काढू दिलं नाही. त्यांनी ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि देवासमोर म्हणाले, "हिच्या हातचं पानी पिनार न्हाई." तुम्ही म्हणालात, "नका पिऊ." आणि बॅग उचललीत. दोघांचं नाक एकाच कारखान्यातलं. मध्ये पडायला हवं होतं की नको, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

तर त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले आणि सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला वन्संना भेटायचंय ना?"

म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी म्हटलं, जेजुरीला जाऊ, तळी भरू, देवाला सांगून शपथ सोडवून घेऊ. लोक करतात. तर म्हणाले, "देवाला काय सांगू? राग आला हुता म्हनून बोललो? देव काय न्हानगं प्वार हाय का, आज एक आन् उद्या एक सांगायला? भंडारा उचललाय म्या."

"मग कसं करायचं?"

म्हशीपुढं वैरण टाकली. मग म्हणाले, "म्या पानी म्हनलो हुतो. दुसरं काय म्हनलो न्हाई."

मला उमजायला थोडा वेळ लागला. तुम्ही त्यांना ओळखता. लग्नाच्या पंगतीत कुणी पिऊन आलं तर हा माणूस भरल्या ताटावरून उठतो. आणि तो मला सांगत होता की लेकीच्या हातचं पाणी चालत नाही, तर तिच्या हातची दारू पितो. शपथही मोडत नाही आणि लेकीच्या घरून कोरड्या तोंडानं परत येणंही होत नाही.

मी म्हटलं, "अहो मामा, जन्मात कधी शिवला नाहीत. आणि गेणबामामांचं काय?"

तर म्हणाले, "गेनबाचं माझं मी बघून घीन. पितरपाट चालूच हाय, पान वाढताना सांगतो त्याला. पोरगी समिंदरापल्याड चाललीया. तिच्या हातचं कायतरी प्वाटात जाऊ दी."

लिंबाच्या रसात पाणी नसतं का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. जीभ चावली.

पुढच्या बुधवारी सोपानरावांच्या टेम्पोत पुढे बसून यायचं म्हणतात. हॉटेलात नको म्हणाले. "तिथं ती कामाव असती, चार लोकांत तिला कशाला? तिच्या घरी जातो." तुमच्या त्या एका खोलीला या घरात आजवर कुणी घर म्हटलं नव्हतं. आत्यांना अजून सांगितलेलं नाही. कळलं की त्याही निघतील, गुडघ्यासकट.

मला भीती वाटते, ती तुम्हालाच सांगते. एवढ्या वयात पहिल्यांदा घेणार. सोसेल का, नंतर स्वतःला खात बसतील का, हे मला माहीत नाही. तुमच्यानं वाढवणार नाही असं वाटलं, तर तसंही असू दे. पण मला विचाराल तर वाढा. औषधाच्या टोपणाएवढीच वाढा. टकीला कमी आणि लिंबू जास्त झालं तर तुमच्या हॉटेलात कुणी तक्रार करणार नाही. तोंड वाकडं करतील तेव्हा हसू नका. आणि नंतर रडले तर काय करायचं, ते मला विचारू नका. मी त्यांना रडताना कधी पाहिलेलं नाही.

राहिला बर्फ. तेवढ्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मी बाटली, पाक, लिंबाचा रस आणि फुलपात्र रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून बिगर बर्फाची करून बघितली. मला तरी ठीक लागली. मामांना सांगितलं, तर माझा शब्द चालेना. म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? तिला इचार. ती शिकल्याली हाय त्यातली." तुमच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य आहे. मी ते जसंच्या तसं लिहिलंय, एक अक्षरही इकडचं तिकडे केलेलं नाही.

सोपानराव रिकामी पोती घेऊन संध्याकाळी परत येतात. त्यांच्याकडे दोन ओळींची चिठ्ठी द्या. मामा फाट्यावर जाऊन बसतील आणि घरी येऊन माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतील, तेव्हा त्यात दुसरं काही लिहू नका. बिगर बर्फाची होत असेल, तर होते म्हणून लिहा. होत नसेल, वन्सं, तरी होते म्हणूनच लिहा.

तुमच्या होकाराकडे डोळे लावलेली,
तुमची वहिनी
शितल