महिपतीच्या विमानाची खोड

१२ जानेवारी, रविवार. तळेगाव

धाकटा भाऊ महिपती त्याचे विमान विकणार. घेणार समीक्षा.

समीक्षा आमच्या चुलतभावाची मुलगी. विमान चालवायला शिकवते. सारी शिल्लक घालून स्वतःच्या विमानावर विद्यार्थी घ्यायचे, असा तिचा बेत. आज येऊन म्हणाली, "आबा, काकांशी व्यवहाराचं बोलायला मला अवघड होतं. तुम्ही मध्ये राहा."

राहीन म्हणालो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला विमानातले काय कळते? काहीही नाही. परंतु ‘विमान उत्तम आहे’ हे एक विधान आहे, आणि विधानाला आधार मागता येतो.

१५ जानेवारी

लोणावळ्यापलीकडे गेलो. तिथे एका ओळखीच्या उद्योजकाची खाजगी धावपट्टी आहे. तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान असते. दोन आसनांचे. वडिवळे गावातली आमची काही जमीन कारखान्याला गेल्यावर महिपतीने ते जुनेच घेतले होते, आणि उतारवयात उडवायलाही शिकला. पुढे हृदयावर उपचार झाले, वैद्यकीय दाखला पुन्हा मिळाला नाही. तेव्हापासून विमान उभेच.

महिपतीने खांद्यावरचा टॉवेल काढून समीक्षापुढे हात धरला. बैलबाजारात किंमत टॉवेलाखाली, बोटांनी ठरते.

"काका, हे काय?"

"धर की बोटं. भाव सांगतोय."

"मला नाही कळत. फोनवर लिहून दाखवा."

"बघा भाऊ, इमान उडवती आन् बोटं मोजता येईनात पोरीला."

अखेरीस त्याने टॉवेल माझ्या हातावर टाकला. बोटे मला येतात. मी आकडा तिच्या कानात सांगितला. तिने होकाराची मान हलवली. अटी मात्र उघड ठरवाव्यात, असे मी सांगून ठेवले.

१९ जानेवारी

अटी मांडल्या. नोंदणी महिपतीच्या नावावर आहे. बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हवा. इंजिनाच्या आणि पंख्याच्या दुरुस्तीच्या नोंदी सलग हव्यात. पूर्वी अपघात झाला असेल तर तो सांगावा. पैसे त्रयस्थाकडे राहतील. मालकी बदलली की सुटतील. इथवर महिपती ऐकत होता.

मग मी तपासणीचे काढले. अभियंता विमानाची नेहमीची देखभाल करणारा नको, वेगळा हवा; आणि त्याच्या होकाराआधी चाचणीचे उड्डाणही नको.

"सोयऱ्यात तपासणी करत्यात व्हय, भाऊ? आपलीच पोर हाय. तिला मी वाईट देईन?"

"मुद्दा तो नाही. तू खरे बोलतोस हे मान्य. तुला सगळे ठाऊक आहे का, हा प्रश्न आहे."

"लय उडवलंच न्हाई मी. जपलंय. हात लावला की चालू व्हतं."

जपणे आणि न वापरणे ही दोन वेगळी विधाने आहेत, एवढे म्हणून मी उठलो. चहा तसाच राहिला.

२० जानेवारी

महिपतीचा फोन नाही.

२४ जानेवारी

समीक्षा डगमगते आहे. "काकांचं मन मोडतंय, आबा. राहू दे का तपासणी?" मी विचारले, "या विमानात शेजारी कोण बसणार?" म्हणाली, "विद्यार्थी."

माझे अनुमान आज असे होते: जो तपासणी नाकारतो, तो काही लपवतो.

२९ जानेवारी, बुधवार

पौष अमावास्या. महिपतीचा निरोप आला: "पूजा हाय, या. मागचं सोडा." गेलो. विमानाला हळदकुंकू, पंख्याला हार. शेडच्या दारात नारळ फोडला. मग हार उतरवून त्याने इंजिन सुरू केले. पहिल्याच झटक्यात! थोडा वेळ घरघर झाली. त्याने बंद केले, पंख्याच्या पुढे हात जोडले.

"एक अमावशा चुकीवली न्हाई, भाऊ. पावसाळ्यात सुदिक न्हाई."

चेहरा प्रसन्न होता. तपासणीलाही हो म्हणाला.

२ फेब्रुवारी

अभियंता आला. बारीक नळीचा कॅमेरा इंजिनात सोडला. तेलाची गाळणी कापून कागदावर पसरली आणि वरून चुंबक फिरवला. लोखंडाचा चकाकणारा कीस चिकटून वर आला.

आत गंज आहे. त्याचे कारण त्याने शांतपणे सांगितले. जमिनीवर थोडे चालवून बंद केले की तेल पुरते तापत नाही. त्यातला ओलावा आतच राहतो. इथली पावसाळी हवा, आणि असे महिन्यामागून महिने. "हातच लावला नसता तर परवडलं असतं."

"हवेत बंद पडेल?" समीक्षाने विचारले.

"कधी, ते सांगता यायचं नाही. पण मी यात बसणार नाही."

महिपती शेडबाहेर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर एवढेच बोलला, "पूजेनं गंजतं व्हय कुटं?"

३ फेब्रुवारी

माझे अनुमान चुकले. तो काही लपवत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हते. खोड त्यानेच लावली, पण प्रेमाने. अज्ञानाला लबाडी म्हणता येत नाही.

समीक्षाचा प्रस्ताव: इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करून द्या, घेते. महिपतीचे उत्तर: "चालतं इंजान मी उघडणार न्हाई. तुला नगं तर सोड." तिने सोडले. अहवाल तिने मागवलेला, म्हणून तिच्याचकडे राहिला. विमानाच्या नोंदींत त्याचा उल्लेख नाही. तो असावा, असे मी महिपतीला सांगितले. त्याने विषय बदलला.

९ फेब्रुवारी

समीक्षा दुसरे विमान पाहायला गेली आहे. अभियंता घेऊन.

१६ फेब्रुवारी, रविवार

समीक्षाचा फोन. महिपतीचे विमान नाशिककडच्या एका बागायतदाराने घेतले. त्याचा वैमानिक उद्या सकाळी ते उडवत नेणार. बागायतदाराचा नंबर तिनेच मिळवून दिला. मी लावला. तपासणी करून घेतलीत का, विचारले.

"गरज नाही पडली. त्यांचे थोरले भाऊ प्राध्यापक आहेत, फार काटेकोर. त्यांनी बाहेरचा माणूस आणून सगळं तपासून घेतलंय, असं सांगितलं त्यांनी."

यातले एकही वाक्य असत्य नव्हते.

मी म्हणालो, "तो थोरला भाऊ मीच. विमान उडवू नका."