भुसार गल्लीतली मांजरं

कोल्हापूर, २१ नोव्हेंबर २००३

चि. शांभवीस,
गौराआत्याचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही समदी खुशाल. तू जनावरांची डॉक्टर झालीस, म्हणून हे गाऱ्हाणं तुझ्याच दारात. आमच्या भुसार गल्लीत मांजरं इतकी झाली की पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवाय जागा न्हाय. पिल्लं जन्मतात आणि ट्रकखाली जातात. शेजारचे भरमाप्पाण्णा म्हणतात, समदी पोत्यात भरून ट्रकनं शिरोळपलीकडं सोडायची. बाकीचे दुकानदार त्यांच्याच बाजूला. मी एकटी भांडतो, पण किती दिवस? मार्ग सांग.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून,
गौराआत्या

बंगळूर, २६ नोव्हेंबर

ती. गौराआत्यास,
सा. न. वि. वि.

एवढी भांडकुदळ आत्या असताना मांजरांना भीती कसली! पण अण्णांना सांगा, ही नेऊन सोडली तर तिकडे उपाशी मरतील आणि रिकाम्या जागेत दुसरी येतील. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे मांजर. ऑपरेशन करून तिथेच राहू द्या, म्हणजे पिल्लं थांबतील. माझी मैत्रीण डॉ. अक्षता कोल्हापुरातच असते, ती रविवारी येईल. भुलीत असतानाच कानाचं टोक कापेल, म्हणजे झालेलं मांजर ओळखू येईल.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची शांभवी

कोल्हापूर, ३ डिसेंबर

चि. शांभवीस,
आत्याचा गालावरून हात.

पोरी, रविवारी तुझी अक्षता आली. भरमाप्पाण्णांनी गोदामाची किल्ली दिली, पण एक जरी मेलं तरी ट्रक आणतो असं बजावून. धान्य चाळणाऱ्या चिमणाबाईनं सुकी मासळी लावून मांजरं पिंजऱ्यात धरली. ऑपरेशन झालेली गोणपाटावर ओळीनं निजली. आम्ही बायका गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या कुशीला ठेवत होतो.

एवढ्यात एका करड्या मांजरीचा श्वासच थांबला. अक्षतानं घशात बारीक नळी घालून फुंकर मारली, दोन बोटांनी छाती दाबत राहिली. अख्खी गल्ली दारात गोळा झाली. आणि शांभवी, माझ्या डोळ्यांदेखत त्या एवढ्याशा बरगड्या हालल्या. एकदा. मग परत. जीव परत येताना मी कधी बघितला नव्हता गं.

ऊब पायजे म्हणून अक्षतानं जवळ उभ्या भरमाप्पाण्णांचाच हात ओढून मांजरीवर ठेवला. त्यांच्या पंजाखाली मांजर दिसंना. ते खाली बसले ते तसेच राहिले, डोळे मोठे करून. मांजरीनं डोळा उघडला तशी माणसं टाळ्या वाजवाय लागली. तर अण्णा वळून, कानात सांगावं तसे म्हणाले, हळू की रे, निजलीय ती.

ट्रकाचं नाव परत कुणी काढलं न्हाय. येत्या रविवारी पलीकडची गल्ली आपली मांजरं आणणार हाय.

जीव लावलास, तसाच लावत राहा.
गौराआत्या