फ्लेमप्रूफ बॉक्सची फट

३ फेब्रुवारी
आजपासून थिनर शेडच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीचा चार्ज माझ्याकडे. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. छाती फुगली. शेडमध्ये थिनरची वाफ कायम. एक ठिणगी पडली की खेळ खलास. आणि आपली लेक गेल्याच महिन्यात इथे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर म्हणून लागली, तिची ड्युटी नेमकी त्याच शेडमध्ये. हिला सांगितलं, मी असताना पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही. महिनाअखेरीस बाहेरचा इन्स्पेक्टर येणार. संकल्प: सेफ्टीचं जाडजूड पुस्तक, रोज सकाळी दहा पानं.

४ फेब्रुवारी, सकाळ
पुस्तक सापडत नाही.

५ फेब्रुवारी
सापडलं. कपाट डुगडुगत होतं म्हणून हिने पायाखाली लावलंय. काढलं तर कपाट पडेल. सेफ्टी आधी. शिवाय माझा अनुभव आहेच.

७ फेब्रुवारी
शेडमधले स्विचचे बॉक्स बघितले. ओतीव लोखंडाचे, झाकणाला ढीगभर बोल्ट. फ्लेमप्रूफ म्हणे! एवढे बोल्ट आवळूनही झाकण आणि बॉक्स यांच्यामध्ये बारीक फट. वाफेला आत शिरायला मोकळं रान. आधीच्या माणसाने इतकी वर्षं काय केलं देव जाणे. सिलिकॉनच्या ट्यूब मागवल्या. सगळ्या फटी बुजवणार.

९ फेब्रुवारी
जेवताना लेक म्हणाली, बाबा, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. वाफ आत जाणारच. आत भडका उडाला तर तो बॉक्सने सोसायचा, आणि त्या अरुंद फटीतून बाहेर येता येता ज्वाळा गार होऊन विझते, म्हणून बाहेरची वाफ पेटत नाही. फट बुजवली तर दाब कोंडून बॉक्सच फुटेल. मी म्हटलं, म्हणजे आत भडका उडणार हे धरूनच चालायचं? ही कसली सेफ्टी? माझ्या शेडमध्ये भडका उडणारच नाही. ताटावरून उठून गेली. मी मात्र शांत राहिलो. हिच्या मते माझा आवाज शेजारी ऐकू गेला.

१२ फेब्रुवारी
लेक थेट साहेबांकडे गेली! बापाला डावलून! साहेबांनी मला बोलावलं. मी हसून सांगितलं, नवीन आहे, पुस्तकी उत्साह आहे, मुरेल हळूहळू. साहेबही हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. जरा वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी
मेन स्विच बंद करून निम्मे बॉक्स भरले. वायरमनला विचारलं, कसं दिसतंय? म्हणाला, केकसारखं. माणसाला कामाची कदर आहे.
लेक घरात बोलत नाही. विचारलं तर दोन शब्द. तिच्या मीटरांना म्हणे इतकी थोडी वीज देतात की ठिणगीत पेटवण्याचा जोरच नसतो. माझ्याशी बोलताना तीच पद्धत.

१९ फेब्रुवारी
सगळे बॉक्स पूर्ण. आज भरलेल्यांचे फोटो काढले.
तक्रार: जेवणाच्या सुट्टीत वायरमन जागेवर नसतो. शेडची लाइटही नेमकी तेव्हाच जाते. जाऊन खडसावणार होतो, पण जेवणानंतर मला डोळे मिटून विचार करायची सवय आहे.
लेकीचा डबा तसाच परत येतो. हिने तिच्या बोटांना मलम लावलं, नखं सोलवटलेली. कशाने, विचारलं तर म्हणाली, काम आहे.

२३ फेब्रुवारी
पहाटे स्वप्न पडलं. बॉक्स फुटला, आणि खाली लेक उभी. घामाघूम होऊन उठलो. तिच्या खोलीत डोकावून आलो. झोपली होती. हिला सांगितलं, अपचन झालंय.

२६ फेब्रुवारी
इन्स्पेक्शन! इन्स्पेक्टर फटीत पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून मोजत होता. नंतर झाकणंही उघडली. माझी पाचावर धारण बसली. आणि काय! म्हणाला, जॉइंट स्वच्छ, ग्रीस नीट, फट नेमकी. इतकी चोख देखभाल क्वचित दिसते. म्हणजे सिलिकॉन त्याच्या नजरेलाही पडलं नाही! याला म्हणतात फिनिशिंग. साहेबांनी पाठ थोपटली, उरलेल्या दोन्ही शेडमध्येही हेच करा म्हणाले. लेक कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. अभिमानाने असणार.

२७ फेब्रुवारी
नवीन कामासाठी टॉर्च हवा होता म्हणून लेकीच्या टेबलापाशी गेलो. टेबलाखाली गोणी. उघडली. आत सिलिकॉनच्या सोललेल्या पट्ट्या. माझ्याच.
वायरमनला विचारलं. खाली बघत म्हणाला, ताई म्हणाल्या होत्या, बाबांना कळू देऊ नका. रोज सुट्टीत मेन बंद करून दोघं खरवडत बसायचे. मी तेव्हा डोळे मिटून विचार करत होतो.
तिथेच गोणीशेजारी बसलो.
घरी आल्यावर कळलं, लेकीने बदली मागितलीय. का, असं विचारलं. आज दोनपेक्षा जास्त शब्द बोलली. म्हणाली, बाबा, रोज शेडमध्ये शिरताना वाटायचं, माझ्या डोक्यावरचा कुठला बॉक्स तुम्ही आज भरला असेल.
कपाटाखालचं पुस्तक ओढून काढलं. कपाट कलंडायला लागलं. लेकीने येऊन दोन्ही हातांनी धरलं, मलम लावलेल्या बोटांनी. मी पहिलं पान उघडलं. त्यावर त्या फटीचंच चित्र आहे. खाली लिहिलंय, बुजवू नये.