उंटाच्या लोकरीची माशी

आई, सौदीत एकही नदी नाही, आणि तू यान्बूच्या क्वार्टरमध्ये ओट्याला छोटा शिकंजा लावून ट्राउट मासे पकडायला गळावर दोऱ्या-लोकरीच्या नकली माश्या बांधत बसायचीस. हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे डोळे शिवून आल्यावर पुन्हा हेच बारीक काम तुला करावंसं कसं वाटायचं, कुणास ठाऊक. बाबा चिडवायचे, तू ढिम्म. सुटीत हिमाचलला तीर्थन नदीच्या काठी जायचं ते या कॅडिस माश्यांच्या भरवशावर. खऱ्या कॅडिसची, नदीत वाढणाऱ्या त्या किड्यांची, घराणी तू मला नातेवाइकांसारखी सांगायचीस: या अळ्या खड्यांचं घर बांधतात, त्या काटक्यांचं, काही पाण्यात जाळं विणून आयतं खातात आणि काही बिनघराच्या, दगडांवर भटकत राहतात. नदीत कोणतं घराणं नांदतंय ते आधी बघ, मग माश्यांची डबी उघड, असं तुझं म्हणणं.

एका वर्षी माशीच्या अंगासाठी लागणारी तपकिरी लव संपली, तर तू बाजारातून उंटाची लोकर आणवलीस. तीर्थनमध्ये ती माशी तरंगायची सोडून पाणी पिऊन बुडाली. बाबा पोट धरून हसले, मीही. मी दोर ओढायला लागले तशी तू माझा हात धरलास. "बुडू दे. कॅडिस कोशातून सुटून वर पोहत येते ना, मासा तिला वाटेतच गाठतो." आणि तू गळाची काठी सावकाश उचललीस. मासा लागून दोर ताणला गेला तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. चुकलेल्या गोष्टीकडे असं शांतपणे बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. पुढे तू मुद्दाम उंटाचीच लोकर वापरलीस.

तू गेल्यापासून शिकंजा धाहरानला माझ्या टेबलावर आहे. तुझ्या हातची एकच माशी उरलीय. या सुटीत लेकीने तीच मागितली. दगडात अडकून दोर तुटला तर गेलीच, या विचाराने ती मला देववेना. शेवटी मी तशीच दुसरी बांधून तिच्या डबीत ठेवली. परवा ती तीर्थनमध्ये गुडघाभर पाण्यात उभी, मी काठावर. माशी बुडाली, तिने काठी सावकाश उचलली आणि ट्राउट लागला. मासा परत पाण्यात सोडून ती माझ्याकडे वळली. "आजी जैसा कोई नहीं बांध सकता, मम्मा."

इतका आनंद मला कुठल्याच कौतुकाने झाला नव्हता. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. तिला अजून खरं सांगितलेलं नाही. आधी तुला सांगावंसं वाटलं.